दंडावरचा काळानिळा डाग: स्कीटमधल्या माउंटची एक केस

भाचा माझा, वय २४, साताऱ्यात गोडोलीला राहतो. दिवसा एका दुकानाचे हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळेत, उरलेल्या पैशात स्कीट मारतो, म्हणजे उडत्या चकत्या शॉटगननं, छर्ऱ्याच्या बंदुकीनं फोडायचा खेळ. आमच्या घरापासनं क्लेची (या चकत्यांनाच क्ले म्हणतात) रेंज लांब, त्यामुळं महिन्यातनं एकदा, फार तर दोनदा जाणं होतं, तेपण पहाटेची गाडी धरून. म्हणजे हा काय दिल्लीत तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजशेजारी राहणारा गडी नाही की रोज संध्याकाळी जाऊन शंभर काडतुसं उडवून आला. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढं जे काही केलं ते सगळं या अडचणीतनं निघालंय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो माझ्याकडं वही घेऊन आला. वहीत नुसते आकडे. १८, १७, १९, १८, १७, १८. सगळे २५ पैकी. वर्षभर हेच चाललंय म्हणाला, ना खाली जातोय ना वर. "मामा, माझं लीड चुकतंय." लीड म्हणजे उडत्या चकतीच्या किती पुढं मारायचं ते. रेंजवर ज्याला विचारेल तोपण लीडच सांगायचा, एक काका म्हणायचे फूटभर अजून पुढं मार, दुसरे म्हणायचे तू लई पुढं मारतोस, आणि हा बिचारा दोघांचं ऐकून एका बर्डला (चकतीला बर्डच म्हणतात) पुढं आणि दुसऱ्याला मागं मारत बसायचा.

ज्याला स्कीट माहीत आहे त्यानं हा पॅरा सोडला तरी चालेल. अर्धगोलावर ७ जागा आणि मधोमध आठवी. दोन टोकांना दोन घरं, हाय हाऊसमधनं चकती ३.०५ मीटर उंचीवरनं सुटते, लो हाऊसमधनं १.०७ मीटरवरनं, आणि आपण एकेका जागेवर जाऊन कधी एकटी कधी जोडी फोडायची, एका राऊंडला २५. चकती ११० मिलिमीटरची, वजन १०५ ग्रॅम, काडतुसात छर्रे २४ ग्रॅम. ट्रॅप या चकत्यांच्या दुसऱ्या खेळात बंदूक आधीच खांद्याला लावून उभं राहता येतं, गाल टेकवा, हलवून बघा, पटलं की मग पुल म्हणा, म्हणजे चकती सोडायची हाक द्या. आंतरराष्ट्रीय नियमाच्या स्कीटमध्ये ती चैन नाही. दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, खाली, जॅकेटवर लावलेल्या पिवळ्या पट्टीच्या पातळीला अंगाला टेकलेला पाहिजे, आणि पुल म्हटल्यावर बर्ड लगेच येईल नाहीतर ३ सेकंदांपर्यंत कधीपण येईल. तो दिसला की मगच बंदूक वर. ही जी कमरेपासनं गालापर्यंतची सेकंदाच्या आतबाहेरची हालचाल आहे ती म्हणजे माउंट. दर वेळी नव्यानं करायची, आणि दर वेळी तीच व्हायला पाहिजे.

मी फौजेतनं रिटायर झालेला, रायफलवाला माणूस. क्लेमधलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण वही बघितल्यावर एवढं कळलं की या वहीत माहिती काहीच नाही. १८ आले म्हणजे ७ गेले, पण कुठले ७? त्याला म्हटलं पुढच्या ३ राऊंडला प्रत्येक सुटलेला बर्ड लिही, कुठली जागा, हाय का लो, आणि बंदूक गालाला कशी लागली ते एका शब्दात. तो म्हणाला एवढं कोण लिहीत बसणार, मी म्हटलं हिशेबनीस तू आहेस का मी.

त्या ३ राऊंडला मिळून २२ सुटले. आता माझी अपेक्षा अशी की लीडचा घोळ असेल तर तेच तेच बर्ड जातील. ४ नंबरवर बर्ड डोळ्यासमोरनं पूर्ण आडवा जातो, तिथं लीड सगळ्यात जास्त लागतं, मग ४ नंबर दर वेळी जायला पाहिजे, ३ आणि ५ बऱ्याचदा. तसं काहीच नव्हतं. एका राऊंडला ४ नंबरचे सगळे फुटले आणि ७ नंबरचा लो हाऊस गेला. ७ नंबरचा लो म्हणजे आपल्या शेजारनं सुटून सरळ पुढं जाणारा बर्ड, त्याला लीड जवळजवळ लागतच नाही, बंदूक नीट गालाला आली आणि बोट दाखवल्यासारखी नळी गेली की फुटतो. तोच गेला. आणि तोपण ३ राऊंडमध्ये दोनदा. तिथं लीडवाला मुद्दा माझ्यापुरता संपला. ज्याची चूक एकाच जागी असते त्याला काहीतरी चुकीचं माहीत असतं, ज्याची चूक दर वेळी दुसरीकडं असते त्याची बंदूकच दर वेळी दुसरीकडं येत असते.

पण हे मला वाटत होतं, पुरावा काय? पुरावा आक्कानं दिला. पोरगं रेंजवरनं आलं, अंघोळीला शर्ट काढला, आणि आक्का ओरडली की हे दंडाला काय झालंय. उजव्या दंडावर, खांद्याच्या गोलाच्या खाली, चांगला लिंबाएवढा काळानिळा डाग. हा म्हणाला बंदुकीचा धक्का बसतो गं, एवढं काय. आक्का माझ्याकडं वळली, "तू इतकी वर्षं बंदूक मारलीस, तुझ्या दंडावर कधी बघितलं नाही मी असलं. खांद्यात लावतात ना ती?" बरोबर होतं तिचं. दस्ता बसायची जागा म्हणजे गळ्याच्या हाडाच्या खाली, छाती आणि खांद्याच्या मधला खळगा. दंडावर डाग म्हणजे दस्ता बाहेर बसतोय. आणि नीट बघितलं तर डाग एक नव्हता, एक दंडावर, एक खांद्याच्या टोकाला, आणि खळग्यात एक फिकट पिवळा झालेला जुना. तीन पत्ते. बंदूक भाड्याच्या खोल्या बदलल्यासारखी फिरत होती.

रात्री त्याला हॉलमध्ये उभा केला. बंदूक मधनं उघडून दोन्ही नळ्या त्यानं बघितल्या, मग मी बघितल्या, काडतुसं वरच्या खोलीत कुलपात. पडदे ओढले, कारण समोरच्या वहिनींना उगाच झटका नको. मोबाईल बाजूला स्टूलवर, स्लो मोशन, आणि म्हटलं दहा वेळा माउंट कर, घाई नको, जसं रेंजवर करतोस तसंच.

बघितल्यावर दोघंपण गप्प बसलो. दस्ता आधी खांद्याकडं जायचा, जिथं मिळेल तिथं टेकायचा, आणि मग याचं डोकं खाली यायचं, कोंबडी दाणा टिपते तशी मान पुढं खाली जाऊन गाल लाकडाला लागायचा. कधी गालाचं हाड लागायचं, कधी जबडा, एकदा तर नुसती हनुवटी. मान हलली की डोळा हलला, डोळा हलला की बर्डवरची नजर तुटली, आणि तुटलेली नजर परत जुळवायला हा नळीवरच्या माशीकडं (नळीच्या टोकावरच्या मण्याकडं) बघायचा. तोवर बर्ड गेला. दुसरी गोष्ट, उजवा हात डाव्यापेक्षा जोरात उचलत होता त्यामुळं मागनं दस्ता वर आणि पुढनं नळीचं तोंड आधी खाली, मग वर. सी-सॉसारखं. बर्ड आडवा चाललाय आणि याची नळी खालीवर चाललीय.

मी विचारलं, हे असं आधी खांद्यात लावायचं कुणी शिकवलं तुला? तो माझ्याकडं बघायला लागला. "तुम्हीच की मामा."

आणि खरंच मीच. बारावीत असताना त्याला अंगणात काठी देऊन फौजी पद्धत शिकवली होती मी. बट (दस्ता) खांद्यात घट्ट, मग गाल बटावर, मग शिस्त (नेम), माशीवर नजर, दम रोख, ट्रिगर हळू दाब. लेटी पोजिशनमध्ये, टार्गेट जागेवर उभं असताना, यातला शब्द न शब्द बरोबर आहे. खांदा आधी, कारण जमिनीवर पडलेल्या माणसाला घाई नसते आणि टार्गेट कुठं पळून जात नाही. उडत्या चकतीला हे सगळं उलटं. तिथं गाल आधी, खांदा नंतर. माशीवर नजर नाही, बर्डवर नजर. दम रोखून बसलास तर मेलास. आमच्या या भागात घराघरात फौजी आहेत, अपशिंग्यासारख्या गावाला तर नावातच मिलिटरी आहे, आणि प्रत्येक घरातला काका-मामा पोरांना बंदूक धरायला शिकवतो तेव्हा रायफलचंच शिकवतो. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणल्यावर तर आमच्याकडं नेमबाजी म्हणजे रायफलच असं अजून पक्कं झालं. चांगलंच आहे ते, पण बारा बोअरवाल्यानं, म्हणजे शॉटगनवाल्यानं, ती सवय दारात चपलेबरोबर काढून ठेवायला पाहिजे.

एवढ्याशा गालानं एवढा फरक का पडतो ते हिशेबनिसाला हिशेबानंच सांगितलं. रायफलला मागं खाच असते आणि पुढं माशी, दोन्ही जुळल्या की नळी कुठं बघतेय ते कळतं. शॉटगनला मागची खाच नसते. मागची खाच म्हणजे तुमचा डोळा, आणि डोळा कुठं बसणार ते गाल ठरवतो. आता डोळ्यापासनं पुढच्या माशीपर्यंत धरा साधारण ९५ सेंटिमीटर आणि ४ नंबरवरनं बर्ड साधारण १९ मीटरवर. वीसपट. गाल ५ मिलिमीटर वर बसला तर छर्रे तिकडं १० सेंटिमीटर वर. मान बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर उचलली तर ३० सेंटिमीटर वर. छर्र्यांचा पॅटर्न तेवढ्या अंतरावर अंदाजे पाऊण मीटर रुंद पसरतो, म्हणजे मधनं कडेपर्यंत जेमतेम ३५-४० सेंटिमीटर. त्यामुळं होतं काय की नुसता गाल थोडा चुकला तरी बर्ड फुटतो, नुसतं लीड थोडं चुकलं तरी फुटतो, आणि दोन्ही एकाच दिशेला चुकले की जातो. म्हणून याला कळतच नव्हतं. चुकीच्या माउंटनं पण १८ फुटत होते ना. पॅटर्न पांघरूण घालत होता.

तो म्हणाला ठीक आहे, उद्यापासनं रोज घरी सराव करतो. आणि १६ मार्चला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, बंदुका ठाण्यात जमा करायच्या. खेळाडूंना सूट मिळू शकते पण ती मागत कागद फिरवत बसण्यापेक्षा यानं सरळ जमा करून पावती घेतली. आमच्याकडं मतदान ७ मे ला, निकाल ४ जूनला. म्हणजे जवळजवळ अडीच महिने बंदूक नाही. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

आता मागं वळून बघतो तर मला वाटतं तेच बरं झालं, बंदूक हातात असती तर हा पुढच्या रविवारी परत रेंजवर पळाला असता आणि जुनी सवय अजून ५० काडतुसांनी पक्की करून आला असता.

जमा करायच्या आदल्या रात्री आम्ही बंदूक पुठ्ठ्यावर आडवी ठेवली आणि पेन्सिलनं सगळा दस्ता आखून घेतला, वरची कड, मागचं पॅड, हात धरायची जागा. ओळखीच्या सुताराला तो पुठ्ठा दिला. त्यानं जुन्या सागाच्या तुकड्यातनं दस्ता काढला, पुढं नळीच्या जागी जाड पाइप बसवला आणि पाइपमध्ये आम्ही वाळू भरली. वजन जुळवायला भाजीवाल्याचा काटा, ३ किलो ४०० होईपर्यंत वाळू घाल आणि काढ. तोल पण बघावा लागला, पाइप पुढं जड झाला तर दोन्ही हातांच्या मधोमध तोल येत नाही आणि सगळं खोटं शिकलं जातं. भाजीवाल्यानं विचारलं हे काय, भाचा म्हणाला नाटकात काम करतोय.

पहिल्या दिवशी हुरूप म्हणून २०० माउंट मारले आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. नंतर ठरवलं, रोज ३०, त्याच्या वर एकपण नाही. पहिले १० इतके हळू की मोठ्यानं एक-दोन-तीन मोजायचं, पुढचे १० मध्यम, शेवटचे १० रेंजच्या वेगानं, आणि शेवटच्या दहात एक जरी बिघडला की परत पहिल्या दहाच्या वेगावर. हात दमल्यावर शरीर पळवाट शोधतं आणि ती पळवाटच लक्षात ठेवतं, त्यामुळं २०० पेक्षा ३० बरे, हे मी माझ्या अनुभवावरनं सांगतो.

हालचाल काय करायची? डोकं आधीच थोडं पुढं, नाक पायाच्या अंगठ्यावर येईल एवढं, वजन पुढच्या पायावर जास्त, आणि डोकं तिथंच राहील. हलणार ते हात. डावा हात नळीचं तोंड बर्डच्या वाटेवर नेतो, आपण कुणाला लांबचं घर बोटानं दाखवतो तसं, उजवा हात नुसता सोबत उचलतो. लाकूड गालाच्या हाडाखाली येऊन बसतं, आणि मग खांदा किंचित पुढं येऊन दस्त्याला भेटतो. खांद्यानं जायचं, दस्त्यानं शोधायचं नाही. चाप कधी? लाकूड गालाला लागलं आणि नळी बर्डच्या पुढं आली की लगेच, थांबून तपासत बसलास की नजर माशीवर आली म्हणून समज.

गाल रोज त्याच जागी बसतोय का हे कसं कळणार, हा खरा प्रश्न होता, कारण करणाऱ्याला स्वतःला सगळंच बरोबर वाटतं. इथं मला एक गोष्ट सुचली आणि तिचा मला जरा अभिमान आहे. देव्हाऱ्यातलं अष्टगंध पाण्यात कालवून लाकडी दस्त्याच्या वरच्या कडेला एक बारीक रेघ ओढली. म्हटलं दहा माउंट कर आणि आरशात बघ. गालावर होळी झाली होती, कानाजवळ, ओठाच्या कोपऱ्यात, जबड्यावर. रोज रात्री हा प्रकार. एप्रिलच्या मध्यापर्यंत रेघा दोन बोटांच्या रुंदीत आल्या, मे महिन्यात एकच जाड रेघ, गालाच्या हाडाखाली. एकदा तोंड धुवायचं विसरून तसाच दुकानावर गेला आणि मालकानं विचारलं आज कुठल्या देवाला जाऊन आलास.

नळीच्या तोंडाचं खालीवर जाणं मोडायला बॅटरी वापरली. ही काय माझी युक्ती नाही, जगभर करतात. बारीक टॉर्चला इन्सुलेशन टेप गुंडाळून पाइपच्या तोंडात घट्ट बसवायचा, दिवे घालवायचे, आणि भिंत नि छत जिथं मिळतात ती रेघ म्हणजे बर्डची वाट. पुल म्हणून माउंट करताना उजेडाचा ठिपका त्या रेघेवरनंच सरकला पाहिजे. सुरुवातीला ठिपका पालीसारखा सुळकन भिंतीवरनं खाली यायचा आणि मग वर पळायचा. उजवा हात जोरात उचलला की लगेच पाल खाली, चोर रंगेहाथ सापडायचा. त्यात वाद घालायला जागाच नाही. उन्हाळ्यात लाईट जायची तेव्हा आक्का वैतागायची आणि हा खूश, वेगळे दिवे घालवायला नको.

हे सगळं मेच्या शेवटापर्यंत बऱ्यापैकी बसलं होतं आणि मला वाटलं झालं काम. मग धाकट्या भाचीमुळं अजून एक गोष्ट निघाली जी मी पूर्ण विसरलो होतो. तो स्वतःच पुल म्हणायचा आणि लगेच माउंट करायचा. रेंजवर तसं नसतं, ० ते ३ सेकंद वाट बघावी लागते. भाचीला बसवलं, म्हटलं दादानं पुल म्हटलं की तुझ्या मनाला येईल तेव्हा टाळी वाजव, टाळी म्हणजे बर्ड. ती लगेच वाजवायची तेव्हा माउंट एकदम सुंदर. ती दोन-तीन सेकंद लावायची (एकदोनदा मुद्दाम दहा सेकंद लावले तिनं, दात काढत) तेव्हा सगळं परत मार्चमध्ये. व्हिडिओत बघितलं तर वाट बघताना याचे दोन्ही खांदे हळूहळू कानाकडं चढत होते आणि डाव्या हाताची पकड इतकी घट्ट की बोटं पांढरी. टाळी वाजेपर्यंत शरीराची ठेवणच बदललेली, मग माउंट तोच कसा येणार? माझ्या मते अर्धा खेळ त्या ३ सेकंदांत आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. उपाय साधा निघाला, पुल म्हणायच्या आधी श्वास सोडायचा, खांदे पडू द्यायचे, आणि डावा हात अंडं धरल्यासारखा. सोपं आहे म्हणून लगेच जमलं असं नाही, तीन आठवडे गेले. भाचीला दर टाळीसत्राला एक आइस्क्रीम, हा खर्च काडतुसांच्या मानानं काहीच नाही.

जूनमध्ये बंदूक परत आली. पावसात साताऱ्याहून कुठं जाणं म्हणजे वैतागच, तरी एक उघडीप बघून गेला. पहिला राऊंड १६. मला फोन आला तेव्हा आवाजच सांगत होता. अडीच महिने घाम गाळून दोन बर्ड कमी. मी विचारलं माउंट कसा वाटला, म्हणाला एकदम बरोबर, पण बर्ड पुढं निघून जातो. म्हणजे नवीन हालचाल अजून विचार करून होत होती, आणि विचाराला वेळ लागतो. असं होणारच होतं आणि हे मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही ही माझी दुसरी चूक. त्या दिवशी त्यानं पुढच्या राऊंडला जुनी पद्धत वापरली असती तर सगळं पाण्यात गेलं असतं. नाही वापरली. दुसरा राऊंड १७.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं टीव्हीसमोर बसून माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका यांची पॅरिसची मिक्स्ड स्कीटची ब्राँझची मॅच बघत होतो, चीनकडनं ४३-४४ असं एका बर्डनं गेली. भाचा बर्डकडं बघतच नव्हता, माहेश्वरीच्या डोक्याकडं बघत होता. "मामा, मान हलतच नाही बघा." मी तेव्हा म्हटलं याला आता बरोबर गोष्ट दिसायला लागलीय.

सप्टेंबरमध्ये दस्त्याकडं वळलो. बंदूक सेकंडहँड, आधीचा मालक कोण कसा होता देव जाणे, आणि पहिल्या दिवसापासनं लोक सांगत होते दस्ता बदल, दस्ता तुला बसत नाही. मी मुद्दाम थांबवलं होतं. गाल रोज वेगळ्या जागी बसत असेल तर माप कुठल्या गालाचं घेणार? शिंपी तुम्ही हलत असताना माप घेत नाही. आता माउंट बसला होता म्हणून पॅटर्न प्लेटवर, म्हणजे छर्रे कुठं लागतात ते दाखवणाऱ्या पत्र्यावर, गेलो, १५ मीटरवर मध्ये काळा ठिपका, ठिपक्याकडं बघायचं, माउंट करायचं, लागला गाल की चाप, नेम धरायचा नाही. ५ काडतुसं. पाचही पॅटर्न जवळजवळ एकावर एक, पण सगळे ठिपक्याच्या डावीकडं साधारण १० सेंटिमीटर. मी खूश झालो, तो नाराज, कारण त्याला डावीकडं दिसत होतं आणि मला एकावर एक दिसत होतं. १५ मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे डोळ्यापाशी ६ मिलिमीटर, डोळा रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) तेवढा डावीकडं बसतोय. त्याच्या बंदुकीला गालाखालचं लाकूड स्क्रूनं सरकवता येतं, ते गालापासनं लांब, उजवीकडं थोडं थोडं सरकवत प्रत्येक वेळी परत २ काडतुसं मारून बघितली. तासाभरात मध्ये आला. पैसे शून्य. फेब्रुवारीत हेच केलं असतं तर अजून एक नवीन चुकीचं माप घेऊन घरी आलो असतो.

सप्टेंबरचे राऊंड २०, १९, २१. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात २१ आणि २२. आता यात माउंटचं किती आणि दस्त्याचं किती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, एकाच मुलाची केस आहे, मधे तो थोडा शांतपण झालाय, नोकरीत कायम झालाय, त्याचापण हातभार असेल. पण वहीत बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ७ नंबरचा लो सप्टेंबरपासनं एकदापण गेलेला नाही. दंडावर डाग नाही, खळग्यात एकच, फिकट. आणि जे सुटतात ते आता पसरलेले नाहीत, एकाच जागी आहेत, ४ नंबरचा लो हाऊस, कधी ५ चा.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदूक परत ठाण्यात, पावती परत फ्रिजवर चुंबकाखाली, आणि दाराआडचा वाळूचा पाइप परत हॉलमध्ये. भाचीनं या वेळी आइस्क्रीमचा दर वाढवलाय. जमा करायच्या आधीच्या शेवटच्या राऊंडचं पान मी बघितलं, ४ लो समोर त्यानं लिहिलंय: गाल बरोबर, मान हलली नाही, लीड कमी. म्हणजे तेव्हा खरंच लीड चुकत होतं, आणि २० नोव्हेंबरचं मतदान होऊन बंदूक हातात आली की पहिल्यांदा त्या रेंजवरच्या काकांनाच जाऊन विचारायचं होतं त्याला, फूटभर म्हणजे नेमकं किती.